गॅस हीटर, बाळंतिणीची खोली आणि उघडी खिडकी

मागच्या आठवड्यात एके दिवशी आमच्या बोरी गावात थंडीनं कहर केला... आणि नेमका त्याच दिवशी गल्लीचा विजेचा डीपी जळाला. लाईट कधी येईल, कुणालाच सांगता येईना.

घरात बाळंतपणाला आलेली धाकटी बहीण रूपा आणि तिचं बाळ. अजून बारसंही व्हायचंय. विजेचा हीटर बंद पडला आणि खोली हळूहळू गार पडायला लागली.

आईनं कोळशाची शेगडी काढली. पण बाळाजवळ धूर अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. शेवटी मी जिंतूरला गेलो आणि एका मित्राच्या हॉटेलातला गॅस हीटर घेऊन आलो.

दिवस कलायला आला होता. हीटरचा जुना पाईप वाकवून बघितला तर टोकाला बारीक चिरा... तसाच बाजारात गेलो, नवा आयएसआय मार्कचा पाईप आणि दोन क्लिपा आणल्या.

रूपाला बाळासकट आतल्या खोलीत बसवलं. घरातला गॅस सिलिंडर हीटरपासून लांब, उभा ठेवला. पाईप बसवला, क्लिपा आवळल्या, खिडकी उघडली. हीटर न पेटवता फक्त रेग्युलेटर चालू केला आणि जोडांवर साबणाचा फेस लावला.

हीटरकडच्या जोडावर बुडबुडा आला. मग दुसरा...

पटकन गॅस बंद केला. जोड गळत होता. आतून रूपाचा आवाज आला, "दादा, याचे पाय लय गार लागायलेत रे!"

"छातीशी धर त्याला, वरून गोधडी घे," मी ओरडलो.

आई दारातच उभी. "लेकरू गारठायलंय अन् तू फेस काय खेळायलास? पेटव की!"

वास पूर्ण जाईपर्यंत थांबलो. मग पाईप काढून बघितला... तो शेवटपर्यंत बसलाच नव्हता. नीट रेटून बसवला, क्लिप आवळली, पुन्हा फेस लावला. डोळे फाडून बघत राहिलो. यावेळी एकही बुडबुडा नाही.

हीटर पेटला. रूपा बाळाला घेऊन बाजेवर आली, बाज हीटरपासून चांगली लांब. बाळाचे तळवे हळूहळू कोमट झाले आणि मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

...आणि तेवढ्यात आईनं खिडकी लावली. वर फटीत लुगड्याचा बोळा कोंबला!

मी बोळा ओढून काढला. "आई, खिडकी उघडीच राहणार. बंद खोलीत हा हीटर जळत राहिला की विषारी हवा होते. तिला वासही नसतो. झोपेतच माणूस जातं."

"अन् बाळंतिणीला वारं लागलं म्हंजे?"

दोघांचाही आवाज चढला. बाळ रडायला लागलं. आईनं वळून बाळाकडे बघितलं...

मग तिनं पाट ओढला, अंगावर घोंगडी घेतली आणि खिडकी आणि बाजेच्या मधोमध, वाऱ्याकडं पाठ करून बसली.

"ऱ्हाऊ दे उघडी," ती म्हणाली. "वारं मी अडविते."

खोली उबदार झाल्यावर, झोपायच्या आधी हीटर बंद केला, सिलिंडर बाहेर नेला. तोवर आई जागची हलली नाही. मी शाल आणून तिच्या पाठीवर टाकली तेव्हा कळलं... पाठ बर्फासारखी गार होती.

हीटर जोडायला मी शिकलो खरा. पण त्या रात्री घरात ऊब आली ती आई आणि मी, आम्हा दोघांमुळे.