शेजारणीचा चांदीचा कागद

मोताळ्याला आमचे हे आणि शेजारणीचा नवरा एकाच कचेरीत कारकून होते. तिच्या भावाने मुंबईहून अन्न गुंडाळायचा चांदीचा कागद आणला. तेव्हापासून तिच्या पोळ्या दुपारीही मऊ असतात, हे ह्यांच्या तोंडून रोज ऐकून माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी मीच तुकडा मागितला.

"वहिनी, याच्यात आंबट काही बांधू नका बरं," ती म्हणाली.

हिच्या जिवावर आलंय द्यायला, म्हणून शिकवते मेली! मी मुद्दाम अंबाडीची गरम भाजीच त्यात बांधली.

संध्याकाळी डबा तसाच परत आला. कागदाला भोकं पडली होती, भाजी कळकली होती.

"उपाशीच राह्यले का हो?"

"उपाशी काऊन राहीन? त्यांच्या डब्यात जेवलो. काय मऊ पोळ्या होत्या!"