निकालाच्या दिवशीची साखर

आज विद्यापीठाचा निकाल लागला. समोरची कुसुम रिकामी वाटी घेऊन तिच्याकडे भाड्यानं राहणाऱ्या मुलीचं दार वाजवत होती. निकालाच्या दिवशी आमच्या आळीतली प्रत्येक घरमालकीण अशी साखर मागायला जाते. साखर कुणालाच नको असते.

मुलं दरवर्षी बदलतात, नावं लक्षात राहत नाहीत. एकाचं राहिलं. माझ्याकडे राहायचा. नापास झाला त्या दिवशी त्यानं दार उघडलंच नाही, शेवटी फोडावं लागलं. अजूनही ती खोली रिकामी असली तरी मी दार वाजवूनच आत जाते.

कुसुमनं पुन्हा कडी वाजवली. मी गॅलरीतून त्या दाराकडे बघत उभी.

दार उघडलं. “काकू, नाहीये साखर! जा ना!” मुलगी रडत ओरडली.

“ओरड गं बाई,” कुसुम म्हणाली, “अजून ओरड.”