अब्राहामाचा उगारलेला हात

पुण्याहून निघालेली एसटी खंडाळ्याचा घाट उतरेपर्यंत मी डोळे मिटून बसलो होतो. चित्रकलेच्या मास्तराने निसर्ग पाहावा म्हणतात. मी मात्र पनवेल आल्यावरच डोळे उघडले आणि जीव भांड्यात पडला.

स्टँडवर माझा जुना विद्यार्थी एली न्यायला आला होता. त्यांचं घर बेने इस्राएलांचं (कोकणात रुजलेले मराठी ज्यू). घरात शाईचं एक जुनं चित्र आहे, ते तुम्ही पाहाच, असं त्याने पत्रात लिहिलं होतं.

त्याच्या आईने, दिनाबाईंनी, मलिदा (गोड पोहे, ओलं खोबरं, फळं) पुढे केला. एली सोमवारी इस्राएलला निघणार, म्हणून नवसाचा.

"खावा, मास्तर. तिकडं गेला की याला फौजेत घेनार," बाई म्हणाल्या. "तुमी चित्र बघून सांगा, मगच पासपोर्ट देईन. माझ्याजवळ हाय तो."

चित्र बाईंच्या सासऱ्यांना त्यांच्या गोऱ्या साहेबाने दिलेलं, युरोपातल्या बरोक काळातलं, तीनेकशे वर्षांपूर्वीचं. देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम पोटच्या मुलाचा बळी द्यायला उभा, वरून त्याला थांबवायला देवदूत आलेला. मुलाच्या पाठीवर रेषा केसाएवढी बारीक, बापाच्या खांद्याशी येताच जाड आणि घाईची. पातळ तपकिरी शाईने अंगांना गोलाई दिलेली. सुरीचा हात चित्रकाराने दोनदा काढला होता, एक खाली येणारा, एक वरच थांबलेला. बघता बघता तो हलल्यासारखा वाटला.

"देवदूतानं हात धरलाय का? धरला असंल तर माझा पोरगा बी वाचंल. मोतीबिंदूनं मला दिसत नाय. आमच्या शास्त्रात तो नुसती हाक मारतो. म्हाताऱ्याला ऐकू आलं नसतं तर? एली म्हनतो धरलाय. त्याला जायचंय, तो दुसरं काय म्हननार?"

मी भिंग लावलं. देवदूताची बोटं आणि अब्राहामाचं मनगट यांच्यामध्ये कोरा कागद होता. करंगळीच्या नखाएवढाच, पण होता. एली भिंतीला टेकून माझ्याकडे एकटक पाहत होता. बाई पदर डोळ्यांना लावू लागल्या.

"धरलाय," मी म्हणालो. "घट्ट."

बाईंनी कमरेची किल्ली काढली आणि पेटीतला पासपोर्ट एलीच्या हातावर ठेवला.

एली मला स्टँडवर पोचवायला आला.

"सर, ती फट मी लहानपणापासून पाहतोय," तो म्हणाला. "तुम्ही खरं सांगाल आणि आई अडवेल, म्हणून तुम्हाला बोलावलं. मला फार भीती वाटते. तिकडच्या काकांनी तिकीट पाठवलंय. नको म्हणायची हिंमत माझ्यात नाही."

गाडी सुटायला दहा मिनिटं होती. तेवढ्यात मागे फिरून बाईंना खरं सांगता आलं असतं. पण बाई रडतील या भीतीने मी जागा धरून बसलो. पुण्यातही पोस्ट कोपऱ्यावरच आहे, सोमवारला तीन दिवस होते, तार करता आली असती. एलीसाठी मला भीती वाटू लागली ती मंगळवारी, तो गेल्यावर.