शेजारच्या काकांचा बर्गर

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समधले आमचे शेजारी काका दर शनिवारी गाडी काढून कुठल्या तरी नव्या कॅफेत बर्गर खायला जातात. आवडला तर थेट शेफला गाठून कृती विचारतात आणि रविवारी घरी तसाच करून आम्हाला खायला बोलावतात. मटणाची पॅटी तव्यावर असताना ते फक्त तिच्याशीच बोलतात, "सावकाश, सावकाश."

यंदा पुण्याहून आई आली. ती पक्की शाकाहारी, मटण शिजणाऱ्या घरात पाणीसुद्धा पीत नाही. हे काकांना कळलं. रविवारी ते नवा कोरा तवा घेऊन आमच्याच किचनमध्ये हजर झाले.

"वहिनी, तव्याचं लेबल तुम्हीच काढा," ते आईला म्हणाले.

त्यांनी राजम्याची पॅटी केली. आईने अख्खा बर्गर संपवला आणि ती म्हणाली, "भाऊजी, पुढच्या रविवारीही मी इथेच आहे."