माझ्या विसरभोळेपणाची गोळी

घराचं बक्षीसपत्र करताना वकिलानं 'मुलगा आईला शेवटपर्यंत सांभाळील' अशी ओळ घातली होती. ती मीच काढायला लावली. पोटच्या पोराकडून असलं लिहून घेतात व्हय? वकिलानं समजावून पाहिलं. मी मात्र ताठ. केस पिकले होते, अकलेचे दुधाचे दात पडायचे होते.

त्याच बाईच्या, म्हणजे माझ्या, आजाराला पुढं दौंडच्या डॉक्टरांनी नाव दिलं, 'डिलिरियम'. म्हणजे डोकं तात्पुरतं भरकटणं. लेकीला मी माझी जाऊ समजत होते.

सुरुवात इनामगावला, घरातच झाली. बाळूला, माझ्या पोराला, एकदा चिडवलं, "नीट वाग, न्हाईतर घर परत मागंन." त्याच आठवड्यात माझा मोबाईल 'दुरुस्तीला' गेला. केडगावहून लेक आली की तो दारातूनच सांगायचा, "आये झोपलीय." खोटं नव्हतं. जेवणानंतर सून गोळी द्यायची, शांत झोपेची. गावभर चहाड्या पुरवणारी मी भिंत धरून चालू लागले, आन् मोरीत पडले.

दौंडच्या दवाखान्यात नेलं. वॉर्डात प्रश्न मला, उत्तर बाळूचं.

"आजी, जेवता का?"

"जेवती की, साहेब."

"कुठं दुखतंय?"

"तिला न्हाई कळत, साहेब."

रक्त तपासलं, त्यात झोपेच्या गोळीचा अंश सापडला; सीटी स्कॅनही झाला. डॉक्टरांनी गोळी कमी करत नेली. हळूहळू माणसं ओळखू यायला लागली. मग त्यांनी बाळूला बाहेर पाठवलं.

"आजी, झोपेची गोळी कुठल्याच डॉक्टरनं लिहिलेली दिसत नाही. कोण देतं?"

मी दाराकडं पाहिलं. खरं सांगितलं तर राहायचं कुठं? खोटं सांगितलं तर पुन्हा तीच खोली, तीच गोळी.

"मुलाला आत बोलवू?"

"नगं. पोलिसाला बोलवा."

बायांनो, ज्येष्ठांसाठी कायदा आहे. साधा अर्ज चालतो. पोलिसानं जबाब घेतला, मग अर्ज मी प्रांतसाहेबांपुढं केला. बक्षीसपत्रात अट नाही, म्हणून घर परत मिळणं अवघड, असं कळलं. पोटगी मिळाली. मला कोंडायचं नाही, लेकीला अडवायचं नाही, असा आदेश झाला. त्या डॉक्टरांचं नाव मी देवाआधी घेते. तरी माझ्याच घरात पाहुणीसारखी राहते, हेही लिहिते.

आदेशानंतर लेक आली, आत येऊन बसली. बाळू उंबऱ्यात उभा होता. मग म्हणाला,

"आये, तुला एवढं कळतंय हे ठावं असतं, तर आम्ही नीट वागलो असतो की."