नवी वीज किती पावसाळ्यांनी?

आठ पावसाळ्यांपूर्वी मी आमच्या पाड्याचं पाणी अडवलं. बांध घालून नव्हे, ग्रामसभेत उभं राहून, चांगल्या मराठीत बोलून.

आमचा पाडा सूर्यमाळच्या डोंगरात आहे. तिथून शिकून शिक्षक झालेला मी पहिलाच. राहतो मोखाड्याला, पण मतदार यादीत नाव अजून पाड्यावरच. होळी उलटली की विहीर आटते आणि बायका दरीतल्या झऱ्यावर उतरतात. त्या वर्षी झऱ्यावर सौर पंप बसवायचा प्रस्ताव आला होता. आदल्याच आठवड्यात आम्ही शिक्षक आमच्याच जिल्ह्यातलं समुद्रकाठचं अणुवीज केंद्र पाहून आलो होतो. मी भारावलो होतो. तिथल्या माहितीपत्रकात वीज किती स्वस्त पडते ते छापलं होतं, ते मी सभेत वाचून दाखवलं. म्हणालो, "असे नवे प्रकल्प उभे राहणार आहेत. हीच वीज याच दरात आपल्या दारात येईल. मोठी मोटर बसवू. ही काचेची खेळणी कशाला?"

आमच्याकडे नवा बांध घालायचा असो की झाड लावायचं असो, आधी विचारतात, किती पावसाळ्यांनी खायला मिळेल? त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही. शिकलेला माणूस बोलून खाली बसला की सगळे एकदम हात वर करतात आणि चहाला उठतात. तसंच झालं. पंप दुसऱ्या गावाला गेला.

पुढे विजेची तार आली. दिवे लागतात, पण मोटर ओढेल एवढा दाब त्या तारेत नाही. नव्या अणुप्रकल्पांच्या घोषणा मी अजून वर्तमानपत्रातच वाचतो. तिसऱ्या उन्हाळ्यात माझी वहिनी भरलेले हंडे घेऊन चढताना घसरली. खुब्याचं हाड मोडलं. आजही ती काठीने चालते. मी गेलो की चहा टाकते, पण त्या सभेविषयी अक्षर काढत नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग मी वाचायला लागलो आणि माझी चूक सापडली. पत्रकातला दर जुन्या अणुभट्ट्यांचा होता. त्यांच्या बांधणीचा खर्च केव्हाच भरून निघाला होता. अणुविजेत मोठा खर्च इंधनाचा नसतो, उभारणीचा असतो. बांधकाम वर्षानुवर्षं चालतं, तोवर एक युनिटही विकता येत नाही आणि गुंतवलेल्या पैशावर व्याज चढत राहतं. काम लांबलं की सगळं गणित फिसकटतं. म्हणून नव्या केंद्राची वीज सुरुवातीला महाग पडते. स्वस्त होते ती पुढच्या पिढीला. मी हे पाड्यावरच्या माझ्या काकीला सांगितलं, तेव्हा ती मोहाची फुलं वाळत घालत होती. म्हणाली, "यात काय नवं रं? फुलं फुकट मिळतात, म्हनून मोह वाढवनंबी फुकट का? आज्याच्या आज्यानं राखला, आमी नुसती टोपली घेऊन जातो. तुला शाळेत हे शिकवलं नाय?"

यंदा पंपाचा प्रस्ताव पुन्हा आला. सभेआधी तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, दोन शब्द बोला. अणुप्रकल्पांत आता खासगी पैसाही येतोय, वीज मुबलक होणार. थोडं थांबायला सांगा लोकांना. तुमचं ऐकतात."

ऐकतात, हेच तर माझं पाप होतं.

मी उभा राहिलो. आठ वर्षांपूर्वीच्या सभेत चुकीचा दर वाचला, हे सांगितलं. ते समजावताना भाषण लांबलं. बायकांमधून काकी ओरडली, "गुरजी, ते ऱ्हाऊ दे. किती पावसाळे?"

"नव्या प्रकल्पाला आज हात घातला तरी दहा-बारा. स्वस्त व्हायला त्याहून कितीतरी जास्त."

"न् पंप?"

"मनावर घेतलं तर एक."

"मंग एवढं भाषन कशाला ठोकलंस? घशाला कोरड पडली ना? पानी पन नाय हितं."

सगळे हसले. अधिकारी हसले नाहीत. "सर, तुम्ही सरकारी नोकर आहात. विचार करून बोला."

"साहेब, मागच्या वेळी विचार न करता बोललो होतो, तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती. देशाला अणुवीज लागत असेल तर जरूर उभारा. पण ज्यांच्या घरात नळ आहे त्यांनी तिची वाट पाहावी. दर वेळी थांबायचं आम्हीच का?"

मी खाली बसलो नाही. बसलो असतो तर सवयीने हात वर झाले असते. म्हटलं, "हात नंतर. आधी विचारा."

मग वहिनीने काठी टेकली आणि ती उभी राहिली. "बंद पडला तर दुरुस्त कोन करनार?"

आठ वर्षांत या विषयावरचं तिचं ते पहिलं वाक्य होतं.

"मी. शिकून घेईन."

"लिहून दे."

मी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं आणि खाली सही केली. तिला वाचता येत नाही, तरी तिने वही हातात घेऊन नीट पाहिली. मग काठी डाव्या हातात धरली आणि सगळ्यांच्या आधी उजवा हात वर केला.