मेडशीवरचं विमान

वाशीम स्टेशनात उतरलो तेव्हा चित्राचे रंग पुरते वाळले नव्हते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. विमानं नि डोंगरदऱ्या रंगवण्यात हयात गेली, पण गिऱ्हाइकाच्या दारी चित्र पोचवायला मी कधी निघालो नव्हतो. त्यातून गिऱ्हाईकच आता या जगात नव्हतं.

अशोक विमानांचा मेकॅनिक. मी धावपट्टीशी रेखाटनं करत बसलो की शेजारी येऊन चुका काढायचा. आईसाठी आमच्या मेडशीवरून उडणारं विमान काढा, असं त्यानेच सांगितलं. गावही तोंडीच ऐकवलं: नदी, टेकडी, पांढरं मातीचं घर. चित्र पुरं व्हायच्या आत चाचणीच्या उड्डाणात तो गेला.

मेडशीच्या एस.टी.चा कंडक्टर चित्र टपावर टाका म्हणाला. मी हटून बसलो. मांडीवर उभं धरलं, तरी एका बाईची वांग्यांची टोपली कोपऱ्याला घासलीच. मेडशीला उतरून पाहतो तर काय, टेकडी घराच्या उजवीकडे! मी डावीकडे काढलेली. आल्या पावली परत जावं, असंसुद्धा वाटून गेलं.

अशोकच्या आईने, वत्सलाबाईंनी, आधी जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी आणि बेसन (आपलं पिठलं). बांगलादेशच्या लढाईपासून पोराला सुट्टीच मिळाली नाही, असं त्या सांगत होत्या. येतो येतो म्हणून नुसती पत्रं यायची.

शेवटी चित्र उघडलं. त्यांनी टेकडीकडे पाहिलंही नाही.

"हे विमान घराकडे येऊन राह्यलं, का जाऊन राह्यलं?"

शेपूट घराकडे, नाक दूर डोंगरांकडे. खोटं बोलवेना. जातंय, म्हणालो आणि घाईघाईने रंगांची पेटी उघडली. दोन तासांत तोंड फिरवून देतो, म्हटलं.

त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या, भाऊ. जाऊन राह्यला, म्हंजे घरी येऊन गेला ना तो."

परतीच्या एस.टी.त हात मोकळे होते, तरी ते कुठे ठेवावेत कळेना. विमानं मी नेहमीच मागून काढत आलो, कारण तशी काढायला सोपी जातात. बाईंनी कारण विचारलं नाही, हे माझं नशीब. मला फार लाज वाटली असती.